वाळूतली राहुटी

अंबाजी जमादारांना कुणी ‘तंबूवाले’ म्हटलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत. तंबूवाले म्हणजे लग्नाकार्यात मांडव भाड्याने देणारे. अंबाजी पडले सरकारी माणूस. हैदराबाद संस्थानची एक तंबूकोठी होती. तालुकदार, तहसीलदार दौऱ्यावर निघाले की त्यांचे तंबू, कनाती, सतरंज्या तिथून जात आणि दौरा संपला की तिथेच परत येत. नांदेडकडच्या कुणब्याचं हे पोर सोळाव्या वर्षी त्या कोठीत तंबू ठोकणारा फर्राश म्हणून चिकटलं आणि तिशी उलटता उलटता जमादार झालं.

कामात माणूस सोळा आणे खरा. जमिनीवर टाच आपटून आवाज ऐकायचे आणि सांगायचे, इथे मेख धरील, तिथे धरणार नाही. हैदराबादची जमीन म्हणजे वर वीतभर माती आणि खाली अखंड पत्थर. लांब मेख ठोकायला गेलं की ती पत्थराला लागून वाकते, नाहीतर ठोकणाऱ्याच्या मनगटाला झिणझिण्या आणते. म्हणून अंबाजींचा नेम ठरलेला होता : मेख वीतभरच, लोखंडी, आणि तिरपी. एकदा एका साहेबाच्या मुक्कामावर वावटळ आली, सगळे तंबू झोपले आणि अंबाजींनी ठोकलेला तेवढा उभा राहिला. ही गोष्ट त्यांनी आयुष्यात किती वेळा सांगितली याला सुमार नाही. ऐकणारा जांभई देऊ लागला तरी वावटळ पूर्ण ओसरल्याशिवाय ते त्याला उठू देत नसत.

जगातलं सगळं शहाणपण आपल्याच पागोट्याखाली आहे हा मात्र त्यांचा जुना आजार. “यांना काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी,” असं त्यांची बायको मालनबाई शेजारणींना सांगायची, आणि तेही ते समोर बसलेले असताना.

ऐकायचे ते एकाच माणसाचं. लेकीचं, जयवंताचं. तीन लेकरं हाती लागली नाहीत, चौथी ही जगली. लहानपणी बापाबरोबर कोठीत जायची, घड्या घातलेल्या कनातींच्या ढिगावर बसून शाळेचे पाढे म्हणायची, आणि दोरीची गाठ फर्राशांपेक्षा चांगली मारायची. लग्न केलं तेसुद्धा अंबाजींनी लांब जाऊ दिलं नाही. महसूल खात्यातला कारकून, हिम्मतराव, चिक्कडपल्लीतच चार गल्ल्या सोडून राहणारा. रोज कामावरून येताना अंबाजी तिच्या दारावरून यायचे. “पाणी दे गं,” म्हणायचे. तहान काही नसायची.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात राज्याचे तीन तुकडे झाले. मराठी जिल्हे मुंबईला, कानडी म्हैसूरला, तेलुगू आंध्राला. मग कचेऱ्यांचे तुकडे, दप्तरांचे तुकडे, टेबलखुर्च्यांचे तुकडे. तंबूकोठीचीही वाटणी झाली. बारा खांबांच्या शामियान्याचे सात खांब मुंबई राज्याला गेले, पाच म्हैसूरला, आणि कापड हैदराबादेत राहिलं. कागदावर हे फार नीटनेटकं दिसत होतं. अंबाजी त्या कापडाकडे बघून म्हणाले, “आता हे पांघरून निजा म्हणावं तिघांनी.”

माणसांचीही यादी लागली. अंबाजींसारखे खालच्या दर्जाचे लोक होते तिथेच राहिले. कारकुनांना मात्र हलावं लागलं. हिम्मतरावांचं नाव मुंबई राज्याच्या यादीत निघालं, आणि जयवंता गेली. आधी औरंगाबाद, तिथून सहा महिन्यांत बदली होऊन पार कोकणात, श्रीवर्धनला, समुद्राच्या काठी.  स्टेशनवर गाडी हलल्यावर अंबाजी हमालाशी कारण नसताना भांडले.

कोठीचे मोठे कारकून मुकुंदराव, अंबाजींचे वीस वर्षांचे दोस्त, तेही औरंगाबादला गेले. त्यांच्या खुर्चीवर कर्नूलहून कोटेश्वरराव नावाचे गृहस्थ आले. मूळचे बंदरचे, म्हणजे मछलीपट्टणकडचे. बारीक अंगाचे, हळू बोलणारे, कपाळावर गंधाची रेघ. अंबाजींना ते ‘जमादारगारू’ म्हणत आणि बसायला स्टूल पुढे करत. अंबाजी बसत नसत. त्यांच्या डोक्यात गणित साधं होतं : ही माणसं आली, म्हणून माझी माणसं गेली. त्या बिचाऱ्यालाही आपलं घर सोडून आधी कर्नूलला आणि मग इथे यावं लागलं होतं, हे अंबाजींच्या डोक्यात शिरलं नाही, आणि शिरू द्यायची त्यांची इच्छाही नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात जयवंताचं दुखणं सुरू झालं. सांधे धरले, बारीक ताप येऊ लागला. ऊन लागलं की गालांवर लाल चट्टे उठायचे आणि रात्रीपर्यंत अंग फणफणायचं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेवटी तिथल्या एका म्हाताऱ्या वैद्यांनी सांगितलं, “पाय उन्हातल्या गरम वाळूत, अंग सावलीत. सकाळी दोन तास बसायचं. चार महिने नेमाने केलं तर पोर चालती होईल.” सांगायला सोपं. पण समुद्राची वाळू उघडीबोडकी. साधी छत्री हातात धरून बसायचं तर बोटं सुजलेली. हिम्मतरावांना दहाला कचेरी.

जयवंताचं पत्र आलं ते मालनबाईंनी वाचलं. अंबाजींना कचेरीपुरती उर्दू यायची, देवनागरी अक्षरं ओळखायला वेळ लागायचा. मालनबाई मात्र पोथी वाचून वाचून तरबेज झाल्या होत्या.

“वाळूवर ठेवता येईल, मला एकटीला उचलता येईल, अशी काही सावली तिकडे मिळते का, ते बाबांना विचार. इथे तसलं काही मिळत नाही,” मालनबाईंनी वाचलं आणि चष्मा काढला. “ऐकलंत का? पोरगी सावली मागते.”

अंबाजी उठून उभे राहिले. लेकीने आजवर बापाकडे काही मागितलं नव्हतं आणि आता मागितलं होतं ते नेमकं त्यांच्या हातातलं. वैद्याने चार महिने सांगितले होते. एवढी एक सावली नीट मिळाली तर पोरगी पायावर उभी राहणार होती.

दुसऱ्याच दिवशी दोघं बेगम बाजारात गेली. एका दुकानात मेणकापडाची घडीची छपरी होती, बांबूच्या चार काड्यांवर उभी राहणारी. अंबाजींनी एका काडीला बोट लावलं तर चारही काड्या लुळ्या पडल्या. “ये क्या, मियाँ? मुर्गी को बिठाते क्या इसमें?” दुकानदार रागावला. मालनबाई हसू दाबत बाहेर आल्या.

मग हिमायतनगरात एका साहेबाचं सामान विकायला निघाल्याचं कळलं. साहेबांची बदली म्हैसूरला झाली होती. अंगणात खुर्च्या, आरसे, कुंड्या मांडलेल्या, आणि मधोमध बागेतली एक मोठी छत्री, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. एकच जाड दांडा, खाली हातभर लांब टोकदार लोखंड. कोठीचंही काही सामान त्या बंगल्यात अडकलेलं होतं, ते मोजून घ्यायला कोटेश्वरराव तिथे आलेले. त्यांनी चौकशी केली, आणि मालनबाईंनीच सगळं सांगून टाकलं.

कोटेश्वररावांचा चेहरा उजळला. “ये अच्छा है, जमादारगारू. समुंदर के लिए येच अच्छा. ये लोहा पूरा बालू में जाना. हमारे बंदर में ऐसाच करते.”

“एक टांग का है, साब,” अंबाजी म्हणाले. “धूप तिरछा आया तो?”

“कुर्सी सरकाना.”

“मेरी बच्ची को उठना-बैठना नै होता.”

“तो फिर आप बनाव. लेकिन मेख नको, हाँ. बालू में मेख ठैरता नहीं. बोरे में बालू भरना, बोरा गाड़ना, उसको रस्सी बाँधना. और कपड़ा पतला. पीछे खुल्ला रखना. तीन तरफ बंद किए तो हवा अंदर बैठेगा, उठाके ले जाएगा.”

मोडक्यातोडक्या भाषेत माणसाने सगळं सांगितलं होतं. बंदरच्या किनाऱ्यावर लहानाचा मोठा झालेला माणूस. कोठीत समुद्र पाहिलेला तो एकटाच. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर अंबाजींनी निदान डोकं तरी खाजवलं असतं. पण मुकुंदरावांच्या खुर्चीवर बसलेल्याने जमादाराला मेख शिकवावी?

“तीस साल से येच कर रहा हूँ, साब,” एवढंच म्हणून त्यांनी पाठ फिरवली.

वाटेत मालनबाई म्हणाल्या, “अवो, तो माणूस समुद्राकाठचा आहे. पोती तर पोती. आपल्या बापाचं काय जातंय?”

“पोती बटाट्याला लागतात,” अंबाजी म्हणाले.

महिनाभर ते राहुटी शिवत होते. बाहेरून डकचं पांढरं जाड कापड, आतून पिवळं अस्तर, कारण पिवळ्या अस्तराने डोळ्यांना गारवा मिळतो आणि उन्हाची झळ थांबते. तीन बाजू बंद, चौथी बाजू पायांसाठी उघडी, म्हणजे पाय बरोबर उन्हात आणि बाकी अंगावर किरणही नाही. मधला बांबू दोन तुकड्यांचा, पितळी नळीत बसणारा. आठ मेखा लोहाराकडून मुद्दाम बारीक घडवून घेतल्या. सगळं गुंडाळलं की काखेत मावावं. सुजल्या बोटांना सोडता याव्यात म्हणून गाठींऐवजी लाकडी गुंड्या लावल्या. खरं सांगायचं तर एवढी सुबक राहुटी त्या कोठीत कुणा साहेबासाठीही कधी शिवली गेली नसेल. बाप टाक्याटाक्यात दिसत होता.

पाठवण्याआधी परीक्षा घेतली पाहिजे. समुद्र कसा असतो? अंबाजींच्या मते समुद्र म्हणजे हुसेनसागर, जरा मोठा. एका रविवारी सकाळी ते तलावाच्या काठी गेले, चांगला वारा बघून राहुटी ठोकली, आणि स्वतः आत पाय पसरून बसले. वाऱ्याने कापड फडफडलं, पण मेख तसूभर हलली नाही. फिरायला आलेली माणसं थांबून बघू लागली. एका म्हाताऱ्या मुन्शींनी विचारलं, “क्या जमादार, तालाब के कलेक्टर हो गए क्या?” अंबाजी प्रसन्न हसले. हाताच्या काकणाला आरसा कशाला? त्याच आठवड्यात पार्सल रवाना झालं.

पौषात पत्र आलं.

“राहुटी पोचली. छान उभी राहते,” मालनबाई वाचत होत्या. “सकाळी हे कचेरीत जायच्या आधी मांडून देतात. पाय वाळूत ठेवून बसते. फार बरं वाटतं. इथल्या बायका बघायला येतात, कुणी शिवली म्हणून विचारतात. बाबांना सांग, अस्तराचा पिवळा उजेड आपल्या कोठीतल्यासारखा पडतो.”

अंबाजींनी ते पत्र पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा एकदा. त्यानंतर त्यांनी ते खिशात घातलं ते थेट कोटेश्वररावांच्या टेबलापाशी काढलं. मराठी पत्र त्या माणसाला काय वाचता येणार! अंबाजींनीच ओळीवर बोट ठेवून, चार फर्राशांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याचं दखनीत भाषांतर केलं. “अच्छी खड़ी रहती, बोली. अब बोलो साब.”

 कोटेश्वररावांनी हात जोडले. “मेरा गलती, जमादारगारू. बच्ची अच्छा होना, बस.”

अंबाजी त्या दिवशी घरी पेढे घेऊन आले. कुणावर तरी जिंकल्याचे पेढे होते ते, आणि त्यांनी ते लेकीच्या तब्येतीचे म्हणून गल्लीत वाटले.

माघात पत्र आलं नाही. फाल्गुन लागता लागता हिम्मतरावांचं कार्ड आलं, दोन ओळींचं : जयवंताची तब्येत बरी नाही, शक्य तितक्या लवकर यावे. मालनबाईंनी ते कार्ड वाचलं आणि त्या मोठ्याने रडायला लागल्या. त्यांच्या गुडघ्यांनी घाटातला प्रवास होणार नव्हता. अंबाजी एकटे निघाले. पुण्यापर्यंत आगगाडी, तिथून एस.टी., घाट उतरून पुन्हा एस.टी. शेवटच्या वळणावर झाडांमधून समुद्र दिसला. शेजारच्या प्रवाशाने खिडकीतून बोट दाखवलं. अंबाजींनी पाहिलं. पलीकडचा काठ कुठेच नव्हता.

घर सुपारीच्या वाडीत होतं, दोन खोल्यांचं. जयवंता खाटेवर होती. मनगटं काडीसारखी, सांधे फुगलेले, गालांवरचे चट्टे नाकावरून एकमेकांना मिळालेले. बापाला बघून ती हसली आणि उठायचा प्रयत्न करू लागली.

“नीज, नीज,” अंबाजी म्हणाले.  मग सवयीने म्हणाले, “पाणी दे... नाही, राहू दे. मीच घेतो.”

पाणी प्यायला ते आत गेले तर माळ्यावर राहुटी दिसली. गुंडाळलेली, वर चांगला दोन महिन्यांचा धुरळा. बांबू नळीपाशी मोडलेला. अस्तर एका बाजूने उभं फाटलेलं आणि हाताने शिवलेलं. ते टाके वाकडेतिकडे होते, सुजलेल्या बोटांचे.

हिम्मतराव पडवीत उभे होते. अंबाजींनी मोडका बांबू त्यांच्यापुढे धरला. जावई मान खाली घालून सांगू लागले.

पहिल्याच दिवशी झालं होतं ते. सकाळी नऊला त्यांनी राहुटी मांडली, जयवंताला आत बसवलं, शेजारच्या बाईला अकराला आणायला सांगितलं आणि ते कचेरीत गेले. सकाळी वारा पडलेला असतो. दहा वाजले की तो समुद्रावरून सुटतो. तीन बाजू बंद, वारा समोरून आत शिरला आणि राहुटी फुगून एका झटक्यात वर गेली. मेखा लोण्यातून निघाव्यात तशा निघाल्या. वाळूवरून ती लोळत लोळत लांब निघाली.

“ती तिथेच थांबली असती तर काही झालं नसतं, बाबा,” हिम्मतराव म्हणाले. “डोक्यावर पदर घेऊन बसली असती, कुणीतरी आलं असतं. पण ती राहुटीमागे पळाली.”

“पळाली?”

“पळाली. त्या पायांनी. अर्धा-पाऊण कोस तरी गेली असेल. बाबांची राहुटी पाण्यात जाईल, म्हणाली. धरली तेव्हा पडली, आणि राहुटीवर आडवी होऊन राहिली, पुन्हा उडू नये म्हणून. शेजारीण अकराला आली तर जागा रिकामी; शेवटी मासळी सुकवणाऱ्या बायकांनी बाराच्या सुमारास पाहिली. तोवर तशीच, उघड्या उन्हात.”

त्या दिवसापासूनचा ताप उतरला नव्हता.

“आणि ते पत्र?” अंबाजींनी विचारलं.

“तिनेच लिहिलं. नंतर आठ दिवसांनी. मला शपथ घातली. म्हणाली, तिकडे एक नवे साहेब आलेत, त्यांच्यासमोर बाबांची मान खाली जाईल.”

कोटेश्वररावांबद्दल अंबाजींनीच मालनबाईंकडून लेकीला लिहवून घेतलं होतं. चांगलं रंगवून, त्यांची टिंगल करून.  आयुष्यात पहिल्यांदा अंबाजींना कुणावर रागावता येईना.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते राहुटी घेऊन एकटेच वाळूवर गेले. टाच आपटून बघितली. आवाज आलाच नाही. एक मेख त्यांनी ठोकलीसुद्धा नाही, तळहाताने दाबली. ती कणकेत बोट जावं तशी गेली. मग दोन बोटांनी ओढली, तशीच बाहेर आली. त्यांनी आठही मेखा अशा एकेक करून घालून पाहिल्या आणि एकेक करून काढल्या. हिमायतनगरच्या अंगणात ऐकलेलं प्रत्येक वाक्य आता त्यांच्या कानात स्पष्ट उमटत होतं. काही शोधायचं नव्हतं, कुणाला विचारायचं नव्हतं. सगळं आधीच सांगून झालं होतं.

वाण्याकडून सहा रिकामी पोती आणली. ओंजळीओंजळीने वाळू भरली, गुडघाभर खड्डे खणून पोती पुरली, त्यांना दोर बांधले. मोडक्या बांबूला कामट्या लावून दोरीने आवळलं. मग चाकू घेऊन राहुटीची मागची शिवण त्यांनी स्वतःच्या हाताने उसवली, वरपासून खालपर्यंत, आणि आतलं अस्तरही काढून टाकलं. दहाला वारा सुटला. समोरून आत आला आणि मागून निघून गेला. राहुटी जागची हलली नाही. सगळ्या कामाला एक सकाळ लागली होती, आणि सहा पोती.

दुसऱ्या सकाळी त्यांनी जयवंताला उचलून नेलं. वजन इतकं कमी की अंबाजींना वाटेत दोनदा थांबावं लागलं ते दमून नाही, डोळे पुसायला. तिला आत बसवलं, पाय बाहेरच्या गरम वाळूत ठेवले, वर हळूहळू वाळू ओढली. तिने डोळे मिटले.

“चटका बसतो का?”

“नाही. बरं वाटतंय.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “बाबा, पोती पुरायचं कुणी सांगितलं?”

“आमच्या साहेबांनी.”

“ते आंध्रावाले? ज्यांची तुम्ही...”

“हौ. तेच.”

 दोराला हात लावून तिने ताण बघितला, लहानपणी कोठीत बघायची तसा. वारा जोरात आला तेव्हा बापलेकीने दोघांनी एकदमच वर पाहिलं. राहुटी उभी होती.

“मी पत्रात लिहिलं होतं ना, छान उभी राहते म्हणून?” जयवंता म्हणाली. “आता खोटं नाही राहिलं ते.”

अंबाजींनी तोंड फिरवलं आणि ते हुंदके देऊन रडले. एवढा मोठा माणूस, पागोट्याचं टोक तोंडात कोंबून. तिने आपला सुजलेला हात त्यांच्या पाठीवर ठेवला. “बाबा, असं काय करता? बाया बघतायत,” ती म्हणाली. आणि खरंच, मासळीवाल्या बायका लांबून बघत होत्या. त्यांनी मग मान फिरवली.

ती तीन सकाळी तशी बसली. तिसऱ्या दिवशी तिने पायाची बोटं वाळूत हलवून दाखवली. चौथ्या दिवशी ताप एवढा चढला की तिला वाळूचं नावही काढता येईना, आणि पाचव्या दिवशी दुपारी ती गेली.  वैद्यांनी चार महिने सांगितले होते. पौषापासून धरले असते तर तिसरा महिना चालू असता.

तिचे दिवस झाले, आणि अंबाजी हैदराबादला परतले. मालनबाईंपासून त्यांनी काहीही लपवलं नाही. पहिला दिवस, पळणं, पत्र, सगळं सांगितलं. मालनबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच जेवायला वाढलं आणि म्हणाल्या, “जा कामावर. घरात बसून पोरगी येणार नाही.”

कोठीत गेल्यावर ते सरळ कोटेश्वररावांच्या टेबलापाशी गेले. पौषात जे चार फर्राश ऐकत होते तेच आजही कनाती झटकत होते. कोटेश्वरराव उठून उभे राहिले. बातमी त्यांना कळली होती. त्यांनी नेहमीसारखं स्टूल पुढे केलं. अंबाजी बसले.

“वो कागज झूठा था, साब,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “मेख नै ठैरी. आप बोले थे. मैंच नै सुना.”

 टेबलावरची लेखणी कोटेश्वररावांनी उचलली आणि परत ठेवली. “फिर बोरा गाड़े?” त्यांनी हळूच विचारलं.

“गाड़ा. छे बोरे. पीछे से खुल्ला किया. हिल्ली भी नै.”

“बच्ची बैठी उसमें?”

“बैठी.”

“कितने दिन?”

 फर्राशांनी हातातली कनात खाली ठेवली होती.

“तीन दिन,” अंबाजी म्हणाले.